पाण्याची साक्ष काढणारा डॉक्टर

स्वच्छतेचा विचार माणूस बहुधा नाकाने आणि डोळ्यांनी करतो. जेथे दुर्गंधी आहे तेथे रोग असावा आणि जे नितळ दिसते ते निर्मळ असावे, ही आपणा सर्वांची उपजत समजूत आहे. ती पुष्कळदा खरी ठरते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. कारण जेव्हा ती खोटी ठरते तेव्हा तिची किंमत माणसांना प्राणांनी चुकवावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन शहराने ती तशी चुकवली. शहर स्वच्छ करण्याच्या प्रामाणिक हेतूने तेथील कारभाऱ्यांनी आपल्याच नागरिकांच्या पिण्याच्या पाण्यात मैला सोडला; आणि ही गोष्ट ध्यानात आणून देणाऱ्या एका डॉक्टरचे म्हणणे तो जिवंत असेपर्यंत मान्य केले नाही.

डॉ. जॉन स्नो हे त्या डॉक्टरचे नाव. एका हातपंपाचा दांडा काढायला लावून पटकीची साथ थांबवणारा वैद्य, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. ही ओळख अपुरी आहे आणि काही अंशी चुकीचीही आहे. स्नो यांचे खरे मोठेपण दांडा काढण्यात नव्हते; तो काढावा असे म्हणण्यापूर्वी त्यांनी केलेल्या विचारपूसीत होते.

मजुराचा मुलगा

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क या गावी झाला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करीत. नऊ भावंडांत जॉन थोरले. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत होते. चौदाव्या वर्षी त्यांना न्यूकॅसल येथील एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण असेच, हाताखाली राबून मिळत असे.

१८३१-३२ च्या हिवाळ्यात इंग्लंडवर पटकीची पहिली साथ कोसळली. किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीतील कामगारांच्या शुश्रूषेसाठी या अठरा वर्षांच्या उमेदवाराला पाठवण्यात आले. त्याच्याजवळ रोगावर औषध नव्हते, कोणाजवळच नव्हते. परंतु तेथे त्याने जे पाहिले ते तो विसरला नाही. खाणीत उतरलेला मजूर सलग आठ-नऊ तास खालीच असे. शौचाची वेगळी सोय नव्हती. तेथेच, त्याच मळलेल्या हातांनी, तो बरोबर आणलेली भाकरी खाई. भोवताली दलदल नव्हती, कुजलेला भाजीपाला नव्हता, आणि तरीही माणसे मरत होती. ज्या दूषित हवेने पटकी होते असे थोर वैद्य सांगत, ती हवा येथे आली कोठून?

त्याच सुमारास स्नो यांनी मांसाहार सोडला, मद्य वर्ज्य केले आणि पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेविषयी ते कमालीचे काटेकोर झाले. १८३६ साली ते लंडनला आले. त्या प्रवासाचा बराचसा भाग त्यांनी पायी केला. सोहो या दाटीवाटीच्या भागात त्यांनी बिऱ्हाड थाटले, परीक्षा दिल्या आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळवली. ते अविवाहित राहिले. बोलणे बेताचे, आवाज घोगरा, राहणी साधी. मोठ्या घरचे रोगी मिळावेत असे त्यांच्याजवळ काहीच नव्हते.

त्यांना नाव मिळाले ते एका वेगळ्याच विद्येने. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला ईथर हुंगवून भूल देण्याची युक्ती १८४६ च्या अखेरीस अमेरिकेतून इंग्लंडात आली. इतर डॉक्टर अंदाजाने भूल देत असताना स्नो यांनी कोणत्या तापमानाला हवेत ईथरची वाफ किती मिसळते याचे मोजमाप केले आणि त्यासाठी उपकरण बनवले. भूलशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यासाठी राजवाड्यातून बोलावणे आले ते याच मजुराच्या मुलाला.

दुर्गंधीचे राज्य

भूल देण्याच्या या विद्येचा पटकीशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध फार जवळचा आहे. पटकी, हिवताप यांसारखे रोग कुजलेल्या घाणीतून निघणाऱ्या विषारी हवेमुळे होतात, असे त्या वेळचे बहुतेक सर्व विद्वान मानीत. गरिबांच्या वस्त्यांचे भीषण चित्र १८४२ च्या आपल्या अहवालात मांडणारे एडविन चॅडविक हे या मताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वायू हवेत पसरला की विरळ होतो आणि विरळ झाला की त्याचा परिणाम ओसरतो, हे स्नो यांना रोजच्या कामातून ठाऊक होते. गटाराजवळ दिवसभर राबणारा माणूस धडधाकट राहतो आणि दोन गल्ल्या पलीकडचा मरतो, हे त्यांच्या हिशेबात बसेना. शिवाय विष श्वासावाटे शिरत असेल तर आधी फुप्फुसांना बाधा व्हावी. पटकीचा आरंभ मात्र जुलाबाने, म्हणजे आतड्यांत होतो. तेव्हा विष तोंडावाटेच जात असले पाहिजे. आणि एका रोग्याची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडात जाण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे पिण्याचे पाणी. १८४९ साली एका छोट्या पुस्तिकेत त्यांनी हे मत मांडले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

इकडे लंडनमध्ये काय चालले होते? घराघरांखाली मैल्याचे खड्डे होते. त्यांच्या दुर्गंधीने रोग होतो असे मानून ते खड्डे बंद करण्याची आणि घरांचा मैला गटारांत सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. गटारे धुऊन काढण्यात आली. ती सारी थेम्स नदीला मिळत. आणि त्याच नदीचे पाणी अनेक खाजगी कंपन्या उपसून नळाने घरोघर पुरवीत. घरातला वास गेला, परंतु मैला नळावाटे परत आला. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली. चुकीच्या ज्ञानावर आधारलेली स्वच्छता किती संहारक असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

दोन कंपन्यांचे पाणी

१८५४ मध्ये पटकी पुन्हा आली तेव्हा स्नो यांना आपले मत तपासण्याची संधी मिळाली. दक्षिण लंडनच्या एका मोठ्या भागात दोन कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी गेले होते. एकाच रस्त्यावरच्या एका घराला लॅम्बेथ कंपनीचे पाणी, तर लागूनच्या घराला सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीचे. हवा तीच, वस्ती तीच, गरीब-श्रीमंत सरमिसळ. फरक फक्त पाण्याचा. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण शहराच्या वरच्या अंगाला, जेथे शहराची घाण पोहोचत नव्हती तेथे हलवले होते. दुसरी कंपनी मात्र अजून बॅटर्सी येथून, भरतीबरोबर मैला वरखाली होणाऱ्या प्रवाहातून पाणी उचलीत होती. जणू तीन लाख माणसांवर, त्यांना नकळत, एक विराट प्रयोगच चालू होता.

स्नो यांनी नोंदणी कचेरीतून मृतांचे पत्ते मिळवले आणि प्रत्येक घरी जाऊन एकच प्रश्न विचारला : तुमचे पाणी कोणत्या कंपनीचे? प्रश्न साधा होता, उत्तर सहजी मिळत नव्हते. पाणीपट्टी घरमालक भरीत, भाडेकरूंना कंपनीचे नावही ठाऊक नसे. अशा वेळी स्नो एका लहान बाटलीत पाणी भरून घेत, तिच्यावर पत्ता लिहीत आणि घरी आणून तीत सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहत. समुद्राची भरती पोहोचणाऱ्या बॅटर्सीच्या पाण्यात मिठाचे प्रमाण लॅम्बेथच्या पाण्याच्या जवळजवळ चाळीसपट असल्यामुळे बाटली आपली साक्ष स्वतःच देई.

या खटाटोपाचा निष्कर्ष आकड्यांत असा निघाला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे पहिल्या कंपनीचे ३१५ बळी, तर दुसरीचे ३७. पाणी घेण्याचे ठिकाण काही मैल वर नेल्याने मृत्यू आठपटींहून कमी झाले होते.

या शोधात एका कचेरीचा वाटा फार मोठा आहे. इंग्लंडमध्ये १८३७ पासून प्रत्येक मृत्यूची कारणासह नोंद होत असे, आणि त्या नोंदींची शिस्त विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने बसवली होती. फार स्वतः त्या वेळी दूषित हवेच्याच मताचे होते. तरीही त्यांनी स्नो यांना माहिती नाकारली नाही, उलट मृत्यूच्या नोंदीबरोबर पाण्याच्या कंपनीचीही नोंद घेण्यास दक्षिण लंडनमधील निबंधकांना सांगितले. ज्या कारकुनांनी थंडपणे, बिनचूक अक्षरात ते पत्ते लिहिले त्यांची नावे इतिहासात नाहीत. त्यांच्या नोंदी आळसाने किंवा अंदाजाने भरलेल्या असत्या, तर स्नो यांची बुद्धिमत्ता हवेतच विरली असती.

ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप

हे काम चालू असतानाच ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहो भागात, स्नो यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर, पटकीचा स्फोट झाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे काही शे पावलांच्या परिघात मरण पावली. स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक हातपंपावर गेला. या पंपाचे पाणी घाणेरडे नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ते नितळ, गार आणि चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते. लांबची माणसेही मुद्दाम तेथून पाणी नेत. डोळ्यांनी आणि जिभेने परीक्षा केली असती, तर तो पंप निर्दोष सुटला असता.

स्नो पुन्हा नोंदणी कचेरीत गेले. त्या आठवड्यातील ८३ मृत्यूंची यादी घेऊन ते दारोदार हिंडले. बहुतेक सारे पंपाच्या आसपास राहणारे निघाले. दहाजणांना मात्र दुसरा पंप अधिक जवळ होता. चौकशीअंती त्यांतल्या पाच घरी पाणी नेहमी ब्रॉड स्ट्रीटहूनच येत असल्याचे कळले, आणि तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी होती. पंपालगत बिअरचा एक कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकी एकही मेला नाही. त्यांना कारखान्याची बिअर मिळे आणि कारखान्याची विहीर स्वतंत्र होती. शेजारच्या आश्रयगृहात पाचशेहून अधिक निराधार राहत. तेथे मृत्यू अवघे पाच, कारण तेथेही स्वतंत्र विहीर. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा पटकीने मरण पावली. तिच्या मुलांकडून कळले की, पूर्वीच्या वस्तीतले हे पाणी तिला आवडत असल्याने तिच्यासाठी ब्रॉड स्ट्रीटहून बाटली भरून रोज जात असे. तिच्याकडे पाहुणी आलेली पुतणीही तेच पाणी प्यायली, आणि आपल्या गावी परतून मरण पावली. जेथे नियमाला अपवाद दिसला तेथे स्नो थबकले नाहीत. त्यांनी अपवादाचीच चौकशी केली, आणि प्रत्येक अपवाद नियमाचा साक्षीदार ठरला.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्यांनी स्थानिक विश्वस्त मंडळापुढे हे सारे मांडले. मंडळाला ते पटले असे नव्हे; परंतु दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. लोकप्रिय कथा येथे संपते. वस्तुस्थिती अशी की, साथ त्यापूर्वीच उतरणीला लागली होती, कारण भयभीत रहिवासी मोठ्या संख्येने वस्ती सोडून गेले होते. हे कबूल करणारे पहिले गृहस्थ स्वतः स्नोच होते. आपल्या बाजूच्या पुराव्याचे वजन वाढवून सांगण्याचा मोह त्यांना झाला नाही.

खरा उलगडा पुढे झाला, आणि तो एका विरोधकाने केला. हेन्री व्हाइटहेड हे त्या वस्तीतील तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचे मत खोटे पाडण्यासाठीच त्यांनी घरोघर चौकशी आरंभली, आणि पुरावा साठत गेला तसे ते स्वतःच बदलले. साथीपूर्वी पंपासमोरच्या घरातील एका तान्ह्या मुलीला जुलाब लागले होते आणि आईने तिची बाळोती धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाकुंडीत ओतले होते, हे त्यांना आढळले. खणून पाहता कुंडीच्या विटा कुजलेल्या निघाल्या. कुंडी आणि विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते. पंपाचा दांडा निघाला त्याच दिवशी त्या मुलीचा बाप पटकीने आजारी पडला होता. पंप चालू असता, तर तेच विष पुन्हा विहिरीत उतरले असते. दांड्याने चालू साथ थांबवली नसेल, परंतु दुसरी साथ बहुधा टाळली.

उपेक्षेचा काळ

एवढे सिद्ध झाल्यावर जगाने मान तुकवावी, अशी आपली अपेक्षा असते. तसे घडले नाही. सरकारी आरोग्य मंडळाच्या शास्त्रीय समितीने १८५५ साली स्नो यांचा निष्कर्ष फेटाळला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या पुस्तिकेची विस्तृत दुसरी आवृत्ती पदरचे दोनशेहून अधिक पौंड घालून छापली. त्यातले फारच थोडे परत आले. केवळ वासामुळे साथीचे रोग होत नाहीत, अशी साक्ष त्यांनी संसदीय समितीपुढे दिली तेव्हा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची टर उडवली. १६ जून १८५८ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघाताच्या झटक्यानंतर ते वारले. लॅन्सेटने त्यांच्यावर दोन-तीन ओळी छापल्या. त्यांत पटकीचा उल्लेखही नव्हता. ही चूक त्या नियतकालिकाने दुरुस्त केली ती २०१३ साली, स्नो यांच्या जन्मद्विशताब्दीच्या वर्षी.

नियतीचा विनोद असा की, स्नो गेले त्याच उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे जंतुनाशकात भिजवावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत प्रश्न पोहोचताच काही आठवड्यांत कायदा झाला, आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने शहराचा मैला दूर खालच्या अंगाला नेणारी प्रचंड भुयारी गटारे बांधली. ती बांधली वास घालवण्यासाठी. वाचले ते पाणी. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा तिने मुख्यतः पूर्व लंडनला, जेथे हे काम अपुरे होते आणि एका कंपनीचे पाणी दूषित झाले होते तेथे घेरले. त्या वेळी पाण्यावर बोट ठेवणारे होते विल्यम फार. स्नो यांचे म्हणणे त्यांनी आता पूर्णपणे मान्य केले होते. रोगाचा जंतू इटालियन शास्त्रज्ञ पाचिनी यांनी १८५४ सालीच सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता. परंतु जगाला तो पटला रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये आणि कोलकात्यात केलेल्या संशोधनानंतर.

आपला धडा

कॉख कोलकात्याला आले ते उगीच नव्हे. ज्या रोगाने लंडनला हादरवले तो १८१७ साली बंगालमधून निघून १८१८ मध्ये मुंबईपर्यंत आला होता. आपल्या गावोगावच्या वेशीवरची मरीआईची देवळे त्या दहशतीची स्मारकेच आहेत. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाच्या माथी मारायचा, ही रीत आणि लंडनची घाण थेम्समध्ये लोटण्याची रीत यांत फारसा फरक नव्हता. आपली घाण दुसऱ्याच्या पाण्यात सोडणे म्हणजे स्वच्छता नव्हे. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या घागरीत जाते, हे आजही आपल्या नद्यांना विचारावे.

आज पटकीचे ते रौद्र रूप ओसरले आहे, परंतु पाण्याची साक्ष काढण्याची गरज संपलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या चेतासंस्थेच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही संशयाची सुई तेथील पिण्याच्या पाण्याकडेच वळली. हातात झाडू घेऊन रस्ता लोटण्याचे मोल कमी नाही. परंतु झाडू लागतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीला. गटाराशेजारून जाणारी गळकी जलवाहिनी, शौचालयाच्या खड्ड्याला खेटून असलेली विंधण विहीर, वर्षभर न धुतलेली टाकी यांना झाडू पुरत नाही. तेथे चौकशी लागते, परीक्षा लागते आणि नोंद लागते.

आपल्या ग्रामपंचायतींत विहिरीत टी. सी. एल. पावडर टाकण्याची आणि पाण्यात क्लोरिन उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी ओ. टी. चाचणी घेऊन तिची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. ही वही म्हणजेच आपल्या गावातला स्नो होय. ती चाचणी न घेता भरली, तर वहीत पाणी शुद्ध राहील आणि घागरीत विष. शिक्षकांनी मुलांना आपल्या शाळेतले पाणी कोठून येते आणि शाळेचा मैला कोठे जातो, एवढे दोनच प्रश्न घेऊन गावात पाठवले, तर आरोग्याचा तो धडा पुस्तकातल्या दहा धड्यांपेक्षा खोल रुजेल. स्नो यांनी याहून अवघड असे काही विचारले नव्हते. त्यांनी ते प्रत्येक दारी विचारले, उत्तर न मिळाले तेथे बाटली भरून घेतली, आणि आपल्याला सोयीचे नसलेले उत्तरही तितक्याच निष्ठेने लिहून ठेवले. शुद्ध पाण्याचा उगम डोंगरात असेल. शुद्ध पाण्याच्या ज्ञानाचा उगम मात्र अशा प्रामाणिक नोंदीतच आहे.